खेकड्याच्या बिळाची करामत

मे महिन्याच्या सुट्टीत कराडहून कुंभार्ली घाट उतरून आम्ही दाभोळला खालाकडे गेलो होतो. ओहोटी लागताच मुलगा खाडीच्या चिखलात उतरला आणि गुडघ्यापर्यंत काळाकुट्ट होऊन आला. म्हणाला, "अम्मी, चिखल आतून काळा, मग खेकड्याच्या बिळाभोवतीच तांबूस कसा?"

प्रश्न छान होता. खाडीच्या गाळात वरचा पातळ थर सोडला, तर खाली ऑक्सिजन पोहोचत नाही. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरून कुजका पाला खातात. त्यातून सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. तो गाळातल्या लोहाशी मिळाला की चिखल काळा पडतो. खेकडे आणि समुद्री किडे बिळे करतात, तेव्हा भरतीचे पाणी व हवा आत खोलवर जाते. तिथले लोह गंजते, म्हणून बिळाची कड तांबूस दिसते. त्याच वाटेने गाळात अडकलेले नत्र पुन्हा पाण्यात येते. त्यावर शेवाळ वाढते, शेवाळावर मासळी पोसते. शेतात गांडूळ करते तेच काम इथे खेकडा करतो.

खाला ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे गाळात गेलेली घाणही वर येते की काय?"

येऊ शकते. काळ्या गाळात सल्फाइडने बांधून ठेवलेले तांबे, जस्त, कॅडमियम हवा लागल्यावर सुटू शकतात. खालांच्या घरी याच खाडीतल्या तिसऱ्या शिजतात, त्यामुळे त्यांचा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

सातारा जिल्ह्यातल्या शिवसागर जलाशयाचे पाणी वीज तयार करून वाशिष्ठी नदीत सोडले जाते आणि ते दाभोळच्या खाडीतच पोहोचते. कराड-सांगलीच्या नाल्यांचे पाणी कृष्णेतून आंध्रात, बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. तिथल्या गाळातही बिळे करणारे जीव आहेतच. पुरले किंवा वाहून गेले, म्हणजे संपले असे होत नाही.

घरी आल्यावर मुलाने घड्याळाचे आणि रिमोटचे जुने सेल एका डब्यात जमवायला सुरुवात केली. ते ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचे ठरले आहे. भगिनींनो, असा एक डबा तुमच्याही स्वयंपाकघरात ठेवाल ना?