सतरा भोकांचा पंचनामा

मार्गशीर्षातल्या पहिल्या बोचऱ्या पहाटे वडिलांची डाळिंबी काश्मिरी शाल पेटाऱ्यातून काढावी, खांद्यावर घ्यावी आणि चहाचा पेला हाती धरून गच्चीत उगवतीकडे तोंड करून बसावे, हा गेली कित्येक वर्षे अव्याहत पाळलेला माझा नेम यंदा मोडला. कारण शाल उलगडून झटकताच तिच्या घडीतून तांदळाच्या दाण्याएवढा, फिकट सोनेरी रंगाचा एक जीव बाहेर पडला, उडावे की पळावे याचा निर्णय न झाल्यासारखा पेटाऱ्याच्या कडेवरून तुरुतुरु धावला आणि फळीच्या फटीत दिसेनासा झाला. मागोमाग शाल खिडकीच्या उजेडाशी धरली, तो तिच्यातून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी निरनिराळ्या सतरा ठिकाणांहून दिसू लागली.

वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि नुकसान अतिवृष्टीने झालेले असो वा उंदराने, जागेवर पंचनामा झाल्याखेरीज कोणाविरुद्ध ब्र काढावयाचा नाही, हा कचेरीतला दंडक त्यांनी घरातही बारमाही अमलात ठेवला होता. त्यांच्याच शालीच्या बाबतीत तो मोडणे बरे दिसले नसते. म्हणून सौ.ला हाक मारली, तिने चष्मा लावला, मी कागद घेतला, आणि शाल जमखान्यावर अंथरून आम्ही तपशील टिपला : भोके एकूण १७, मोठ्यात मोठे हरभऱ्याच्या डाळीएवढे, लहानात लहान मोहरीएवढे, पैकी १६ घडीच्या पोटात, उजेड न पोचणाऱ्या जागी, व एक दर्शनी बाजूस, छातीवर यावे असे, दोन ठिकाणी रेशमी तंतूंच्या बारीक नळ्या, आणि घडीच्या दुमडीत खसखशीहून बारीक कणांची रांग. यातले चार कण सौ.ने बोटाच्या टोकावर घेऊन उजेडात पाहिले, तर तेही डाळिंबीच. लोकर अळीच्या पोटात गेली आणि पचली, पण तिचा रंग काही पचला नव्हता. 'मुद्देमाल सापडला,' असे मी म्हणालो, आणि हा मुद्देमाल नेमका कशाचा आहे हे ध्यानी येताच सौ.ने बोट झटकले.

या उपद्रवाला मराठीत कसर लागणे म्हणतात. अरबीतला 'कस्र' म्हणजे मोडणे, तुटणे, गणितातला अपूर्णांक. फारसीच्या वाटेने तो आपल्या दफ्तरांत शिरला, जमाखर्चातल्या किरकोळ तुटीला कसर म्हणू लागले, अंगात बारीक ताप रेंगाळला तर तीही कसर झाली, आणि पुढे काटाशी सोयरीक होऊन काटकसर नावाचा एक सद्गुणही निपजला. पोथ्या-पुस्तकांना लागते तीही कसरच. पण ती चंदेरी, बिनपंखी, मासोळीसारखी सुळकन निसटणारी, अगदी निराळ्या कुळातली. भाषेने मात्र दोघींना एकाच कलमाखाली नोंदवून टाकले आहे, आणि या प्रकरणातला सर्व घोटाळा आरोपी ओळखण्यातच आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

पावसाळ्याच्या सुरुवातीला दिव्याभोवती घिरट्या घालून सकाळी पायरीवर मरून पडलेला जो पतंग आपल्या परिचयाचा असतो, त्याला कवींनी प्रेमाचा हुतात्मा ठरविले आणि गृहिणींनी कपड्यांचा चोर, परंतु या दुसऱ्या आरोपातून त्याची निर्दोष मुक्तता झाली पाहिजे. लोकर खाणाऱ्या जातीच्या पतंगाला उजेडाचे वावडे असते. दिवा लागला की तो काळोखाकडे पळतो, त्यातला नर थोडाफार फडफडतो, आणि अंड्यांनी जड झालेली मादी तर उडण्यापेक्षा धावणेच पसंत करते. शिवाय पंख फुटलेल्या अवस्थेत हा प्राणी काहीही खात नाही. खाण्याचे सर्व काम अळीपणी उरकलेले असते. मादी चाळीस-पन्नास अंडी लोकरीच्या धाग्यांत अडकवून मरून जाते, चार ते दहा दिवसांत त्यांतून अळ्या निघतात, आणि अन्न व ऊब यांच्या मानाने दोन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत त्या चरत राहतात. तेव्हा पेटाऱ्यातून निघालेल्या त्या सोनेरी जीवाला चपलेने चिरडण्यात मी जो पराक्रम करू पाहत होतो, तो कर्ज बुडवून बसलेल्या असामीच्या वारसास बेड्या ठोकण्यापैकी होता.

केस, लोकर, पिसे आणि रेशीम या प्राणिज वस्तूंवरच या अळीची गुजराण चालते. लोकरीतले प्रथिन गंधकाच्या बंधांनी असे घट्ट विणलेले असते की ते पचविण्याची ताकद फार थोड्या जीवांत आहे. ती या अळीत आहे, आणि म्हणून तिची पारख सराफाच्या कसोटीसारखी बिनचूक असते. याचा प्रत्यय मला त्याच दिवशी आला. लेखनाच्या आणि मास्तरकीच्या निमित्ताने गेल्या तीस वर्षांत ठिकठिकाणच्या व्यासपीठांवर मला ज्या शाली पांघरण्यात आल्या, त्यांपैकी तेवीस त्याच पेटाऱ्यात, वडिलांच्या शालीला चिकटून, श्रीफळांच्या आठवणीसह पडून होत्या. एकीलाही अळीने तोंड लावलेले नव्हते. दोन शालींवर शुद्ध लोकरीची कागदी हमी अद्याप डकवलेली होती. ती हमी वाचता न येणाऱ्या, डोळ्यांनाही धड न दिसणाऱ्या त्या किड्याने आपला अभिप्राय उपाशी राहून नोंदविला होता. खनिज तेलापासून काढलेला धागा तिला खाद्य वाटत नाही, एवढाच त्याचा शास्त्रीय अर्थ. सौ. म्हणाली, "अहो, म्हणजे इतके सत्कार झाले आणि खरी शाल एकच, तीही मामंजींची!" सभेत असे बोलणारा वक्ता मला अजून भेटावयाचा आहे.

उपाय काय, याचा विचार सुरू होताच आमच्या घरी पहिले नाव डांबरगोळ्यांचे निघाले. त्यांचा वास ही आमच्या पिढीची एक स्मृतीच आहे. लग्नाच्या हॉलात अक्षता पडण्याच्या सुमारास पंधरावीस शालू आणि पैठण्या एकत्र जमल्या म्हणजे मोगऱ्याच्या गजऱ्यांवर मात करून तो दरवळू लागतो. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या या पांढऱ्या पदार्थाचे गुणधर्म जॉन किड याने १८२१ साली वर्णिले आणि त्याला नॅफ्थलीनचे नाव सुचविले. आपण मात्र त्याच्या कुळाची आठवण ठेवून डांबरगोळी म्हटले, हे मला अधिक प्रामाणिक वाटते. गोळी न वितळता हवेत विरत जाते आणि तिची वाफ कोंडली तरच अळी मरते. दिवसातून दहा वेळा उघडणाऱ्या कपाटात चार गोळ्या टाकणे म्हणजे ओसाड गावाला पहारेकरी नेमणे होय : पगार चालू, बंदोबस्त शून्य. उलट ज्या अर्भकांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाचे विकर जन्मतः कमी असते, त्यांना या गोळ्यांत ठेवलेली दुपटी न धुता वापरल्याने रक्तपेशी फुटून कावीळ होते, हे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. युरोपीय संघाने तर २००८ साली या गोळ्यांची विक्रीच बंद केली. आमच्या नातसुनेला सातवा महिना आहे. गोळ्या तिथेच बाद झाल्या.

वेखंड, कापूर, लवंगा, कडुनिंबाचा वाळला पाला, तंबाखूची पाने, ही यादी आजीपासून चालत आलेली आहे, आणि मी तिचा अनादर करणार नाही; पण सुगंधाने पाहुणा दारातून परतवता येईल, घरात राहावयास आलेल्याला काढता येत नाही. गेल्या शतकाच्या आधी काश्मीरच्या शाली विलायतेकडे जात तेव्हा त्यांच्या घड्यांत पाचोळीची पाने घालीत (आपल्याकडे वेणीत माळतात त्या पाचेची ही जातबहीण), आणि पुढे त्या वासावरून तिकडचे गिऱ्हाईक शाल अस्सल की नक्कल हे ठरवू लागले, असे सांगतात. औषधाच्या वासावरून मालाची पारख! आमच्या तेवीस शालींना तोही आधार नव्हता.

मग आमच्या आजीच्या घरात लोकर आणि रेशीम टिकत होते कशाने? विचार केला तर तिथे कसरीला मेजवानीच असावयास हवी होती. सोवळ्याची धाबळी आणि पुरुषांचा मुकटा ही दोन्ही वस्त्रे विटाळाला चिवट, म्हणून धुण्याला दुर्मिळ. आणि घामाचा क्षार, तुपाचा हात, वरणाचा थेंब लागलेली लोकर अळीला स्वच्छ लोकरीहून कितीतरी मानवते, इतकी की असा डाग पडला तर एरवी वर्ज्य असलेले सुती कापडही ती कुरतडते. परंतु धाबळी रोज अंगावर येत होती, रोज काठीने उंच वलणीवर टाकली जात होती, वाऱ्यावर हलत होती. आणि वर्षातून एकदा, घटस्थापनेच्या आधी, दसरा काढला जात होता. दसरा काढणे या शब्दाला आता अर्थ सांगावा लागेल. घरातली झाडून सारी वस्त्रे, गोधड्या, घोंगड्या, पेटाऱ्यांच्या तळाचे कागदसुद्धा अंगणात येत. कळकाला बांधलेल्या केरसुणीने आढ्याची जळमटे उतरत. घोंगडी दांडीवर टाकून बडवली जाई आणि उलटसुलट दोन दिवस भाद्रपदाच्या उन्हात पडे. बडवल्याने अंडी गळतात, उन्हाने अळी लपण्याला जागा शोधीत बाहेर पडते, आणि जळमटांबरोबर तिचे भिंतीवरचे भावंडही जाते. हे भावंड आपण सर्वांनी पाहिले आहे : काकडीच्या बीएवढी, राखाडी, दोन्ही टोकांना निमुळती पिशवी, भिंतीला चिकटलेली, बराच वेळ पाहिले तर तिच्या एका टोकातून काळे डोके बाहेर येते आणि पिशवी पुढे सरकते. कोळ्याची जुनी जाळी, मेलेले किडे, गळलेले केस हे त्याचे खाणे. यंदा आम्हीही त्याच रीतीने सदनिका झाडून काढली, तर असे अकरा निघाले, पैकी सहा देवघरामागे.

एवढे करूनही पुन्हा दोन सोनेरी पतंग दिसलेच. मूळ सापडले ते अनपेक्षित ठिकाणी. दिवाणखान्यात कोपऱ्यात एक जुनी बाजाची पेटी आहे. मुलगी परदेशी गेल्यापासून तिच्यावरची खोळ उतरलेली नाही. वर्षभरापूर्वी पाहुण्यांच्या नातवाने भाता ओढला तर कोणतीही पट्टी न दाबता पांढरी चार आपोआप वाजू लागली, आणि आम्ही तो दोष पावसाळी हवेच्या नावावर टाकून मोकळे झालो होतो. यंदा कारागीर बोलावला. त्याने स्क्रू काढून पट्ट्या उचलल्या, आणि काही न बोलता पेटी माझ्याकडे फिरवली. पट्ट्यांखालची बनातीची फीत जागजागी कातरलेली, पांढरी चारच्या खालची तर पुरतीच गेलेली, आणि उरलेल्या हिरव्या बनातीवर हिरवेच कण. बनात म्हणजे अखेर लोकरच. "काका, वाजवत असता तर लागली नसती. हलत्या पेटीत ही राहत नाही," एवढे बोलून त्याने जुनी बनात कागदात गुंडाळली आणि ती घरात न टाकता थेट बाहेरच्या कचऱ्यात नेऊन टाका, असे बजावले.

राहिली शाल. ऊन तिच्या रंगाला सोसणार नव्हते, म्हणून संग्रहालयांत जुन्या वस्त्रांसाठी वापरतात तो थंडीचा मार्ग पत्करला : दोन पिशव्यांत हवा काढून घट्ट बांधलेली शाल शीतकपाटाच्या उणे १८ अंशांच्या कप्प्यात, सोललेल्या मटारांच्या शेजारी, पुरते दोन आठवडे. काढल्यावरही पिशवी चोवीस तास उघडावयाची नाही, म्हणजे हवेतले पाणी पिशवीच्या बाहेरच सुटते, लोकरीवर नाही. या मुदतीत वडिलांची शाल बर्फात असल्याचे मी कोणाला सांगितले नाही, सौ.ने सगळ्यांना सांगितले.

नंतर ती घेऊन रफूगराकडे गेलो. म्हातारे गृहस्थ, डोळ्याला सोनाराचे भिंग. मी पंचनाम्याचा कागद पुढे केला; तो त्यांनी बाजूला ठेवला आणि शाल बोटांवर ताणून एकेक भोक पाहत गेले. काठाच्या दुमडीतून त्याच रंगाचे धागे मिळतील म्हणाले. सतराव्या, दर्शनी भोकाशी मात्र थांबले, त्याची कड नखाने खरवडली, नखावर काळी, ठिसूळ पूड आली. "हे कसरीचं नाही. ठिणगीचं आहे."

वडिलांनी पंढरपूरला माळ घातली आणि विडी सोडली, ही गोष्ट आई आल्यागेल्याला सांगत असे. शाल त्यांनी घेतली ती पेन्शनीत निघाल्यावर, म्हणजे त्यानंतर बारा वर्षांनी. पहाटे गच्चीत एकटे बसण्याचा नेमही मूळचा त्यांचाच.

"सतराही भरायची ना?" रफूगराने विचारले. सौ. माझ्याकडे पाहू लागली. मी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणालो, "सोळाच भरा."