भिकारी कोण, याचा हिशेब एकदा होऊनच जाऊ द्या



कर्जमाफीचा विषय निघाला की शहरातून एकच सूर ऐकू येतो. "आमच्या करातून तुम्हाला किती दिवस पोसायचे? स्वतःच्या पायावर उभे राहायला शिका." हे ऐकून आपल्यातले काहीजण मान खाली घालतात, तर काहीजण चिडून म्हणतात, "जा, आम्हाला सरकारचे काहीच नको." आम्हाला या दोन्ही गोष्टी मंजूर नाहीत. मान खाली घालायची की वर करायची, हे वही उघडल्यावर ठरवू.

आधी जमेची बाजू पाहू. केंद्राने 2019 पासून वर्षाला 6,000 रुपये सुरू केले, राज्याने 2023 मध्ये त्यात आणखी 6,000 घातले. म्हणजे महिन्याला हजार रुपये. कर्जमाफी 1990 मध्ये झाली, 2008 मध्ये झाली, 2017 आणि 2019 मध्ये झाली. पण 2008 ची माफी आठवा. पूर्ण माफीला दोन हेक्टरची अट होती. चार एकर ओलिताचा बागायतदार आत बसला, आणि आठ एकर कोरडवाहू पऱ्हाटीचा धनी बाहेर राहिला. त्याला सांगितले, आधी 75 टक्के भर, मग 25 टक्के सूट घे. ज्याच्या दुःखाच्या नावाने माफी झाली, तोच दाराबाहेर उभा राहिला.

आता नावेची बाजू. 1972 ते 2002 अशी तीस वर्षे या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. हद्दीपलीकडे चार पैसे जास्त मिळत असले तरी आपलाच कापूस तिकडे नेणे गुन्हा होता. शेवटच्या काही वर्षांत योजनेने बाजारापेक्षा जास्त दर जाहीर केला हेही खरे. पण तोवर चुकारे महिनोन्महिने थकू लागले होते. योजना गेली, पण सरकारचा हात बाजारातून गेला नाही. 2010 मध्ये कापसाची निर्यात अडवली, मार्च 2012 मध्ये पुन्हा बंदी घातली. 2022 च्या सुरुवातीला भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. गिरण्यांनी ओरड केली आणि एप्रिलमध्ये आयात शुल्क उठले. 2025 च्या हंगामात तर कमालच झाली. एकीकडे मध्यम धाग्याच्या कापसाला 7,710 रुपये हमीभाव जाहीर केला, दुसरीकडे 19 ऑगस्टला 11 टक्के आयात शुल्क माफ करून टाकले. आधी म्हणाले 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमकी आपली वेचणी चालू असते आणि कापूस घरात येतो तेवढे दिवस.

आता साधे गणित मांडा. एखाद्या घरात 24 क्विंटल कापूस झाला. अशा एका हुकमाने क्विंटलमागे 500 रुपये जरी भाव पडला, तर 12,000 रुपये गेले. वर्षभराचा सन्मान एका सहीने परत घेतला, आणि तो परत घेतल्याची पावतीसुद्धा दिली नाही!

हे आमचेच रडगाणे म्हणाल, तर परक्यांचा हिशेब पाहा. ओईसीडी ही श्रीमंत देशांची संस्था आणि दिल्लीची इक्रिअर यांनी 2018 मध्ये भारताच्या शेतीधोरणाचा अहवाल काढला. खताची, विजेची सगळी सबसिडी जमेला धरली, आणि भाव पाडून जे काढून घेतले ते वजा केले. 2000-01 ते 2016-17 या काळाचा निष्कर्ष निघाला, शेतीच्या एकूण उत्पन्नाच्या सरासरी उणे 14 टक्के. उणे! शरद जोशी उलट्या सबसिडीचे हे गणित कितीतरी वर्षे आधी गावोगाव मांडत होते, तेव्हा शहाणे लोक हसत होते.

आणि शहर स्वतःच्या पायावर उभे आहे काय? सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांचा कर 30 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर आणला. तिजोरीला वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचा फटका बसेल, हे अर्थमंत्र्यांनीच सांगितले. 2017-18 ते 2021-22 या पाच वर्षांत बँकांनी 10 लाख 9 हजार कोटींची कर्जे निर्लेखित केली, हे संसदेत सांगितले गेले. बँकवाले म्हणतील, निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच असते. बरोबर. पण त्या कर्जदारांना चौकात कोणी ऐतखाऊ म्हटले काय? त्यांना मिळते ते प्रोत्साहन, नोकरदाराला मिळतो तो महागाई भत्ता, आणि आपल्याला मिळते ती भीक. पैसा एकाच तिजोरीतला, फक्त बारसे वेगवेगळे.

न्यायाने बोलायचे तर शहराचे एक देणे मान्य केले पाहिजे. 1972 च्या दुष्काळातून या राज्यात रोजगार हमी उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. तिच्यासाठी पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. त्या पैशातून पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली, रस्ते झाले. ही मदत घेताना कोणाची मान खाली गेली नाही, कारण घामाचे दाम मिळाले आणि गावात काम उभे राहिले.

आता आपल्याच घरातले कडू बोलतो. जी भाषा शहर आपल्याविषयी बोलते, तीच आपण पारावर बसून मजुराविषयी बोलतो. "रेशनमुळे मजूर माजले, हमीच्या कामामुळे कोणी वेचणीला येत नाही." भावांनो, चौथीचा चष्मा पाचवीला लावू नका. वेचणीवाल्या बाईला धान्य मिळते म्हणून तुमचा कापूस तोट्यात जात नाही. भाव पाडला जातो म्हणून तिला चार रुपये जास्त देण्याची तुमची ऐपत उरत नाही. तिच्या ताटावर बोट ठेवणाऱ्याला शहराला उत्तर देण्याचा अधिकार नाही.

मग आपण मागायचे काय? "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा नुसती भिंतीवर ठेवून भागणार नाही. आमचे म्हणणे तीन कलमांत सांगतो. एक, हंगाम चालू असताना आयात शुल्क आणि निर्यात यांत ढवळाढवळ नको. दोन, जी कर्जे पाडलेल्या भावाने थकली ती फेडणे आमचे देणे नाही, तो सरकारचा जुना हिशेब आहे. तो एकदा चुकता व्हावा, आणि त्याला एकराची अट नको. तीन, मदत द्यायचीच तर पाण्याला द्या. बोंडे भरताना किंवा ज्वारी पोटरीत असताना पावसाने वीस दिवस ताण दिला, तर एका संरक्षित ओलिताने पीक हाती लागते. शेततळे, पाझर तलाव, बांध यांवर खर्चलेला रुपया शेतकऱ्याला उभा करतो. खात्यावर टाकलेला हजार रुपया त्याला गप्प करतो.

येताना आलेले पैसे परत करा, असे आम्ही म्हणत नाही. ते आपल्याच खिशातले आहेत, खुशाल घ्या. पण ते घेऊन तोंड बंद करू नका.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. त्यावर एका एकराचा हिशेब लिहावा. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी आणि घरच्या माणसांची मजुरी किती. क्विंटल किती झाले. कोणत्या तारखेला कोणत्या भावाने विकले. ज्वारीचाही तसाच लिहा. 2025-26 साठी तिचा हमीभाव 3,699 रुपये जाहीर झाला, तो तुमच्यापैकी किती जणांच्या पदरात पडला, तेही मांडा. भाषणे कमी करू आणि हे कागद एकावर एक ठेवू. मग कोण कोणाला पोसते, ते शहराला मोठ्या आवाजात विचारू.