घरात शिरलं की मोबाईलची रेंज का जाते? 'स्मॉल सेल'मुळे हा प्रश्न सुटेल का?

फोन वाजला की आधी गॅलरीत धावायचं, ही अनेक घरांतली रोजची कसरत आहे. रस्त्यावर ५जीची फुल रेंज असते आणि हॉलमध्ये येताच "आवाज तुटतोय" सुरू होतं. टॉवर समोर दिसत असूनही असं का होतं?

भिंती आणि काचा

फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितक्या रेडिओ लहरी भिंतीत जास्त अडतात. भारतात ५जीसाठी ३३०० मेगाहर्ट्झचा बँड मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. जुन्या ९०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत या लहरी घरात कमी पोहोचतात. त्यात काँक्रीटमधल्या लोखंडी सळ्यांची भर पडते.

नव्या ऑफिस इमारतींमध्ये उष्णता अडवण्यासाठी काचेवर धातूचा पातळ थर दिलेला असतो. अशा काचेतून येताना सिग्नल शंभरपट किंवा त्याहूनही क्षीण होऊ शकतो.

स्मॉल सेल म्हणजे काय?

हे इमारतीच्या आत बसवलेलं छोटं बेस स्टेशन असतं, साधारण वाय-फाय राउटरसारखं दिसणारं. टॉवरवरचं उपकरण वीस वॉट किंवा त्याहून जास्त शक्तीने चालतं. घरगुती वापराच्या 'फेम्टोसेल'ला मात्र वॉटच्या दहाव्या भागाएवढी शक्ती पुरते. फायबर किंवा ब्रॉडबँडमार्फत ते कंपनीच्या नेटवर्कला जोडलेलं असतं.

स्टेशन जवळ असल्यामुळे फोनलाही कमी शक्ती लावावी लागते आणि बॅटरी जास्त टिकते. पण ते कंपनीच्या स्पेक्ट्रमवर चालतं, म्हणून ग्राहकाला परस्पर बसवता येत नाही.

मग बूस्टर चालेल का?

नाही. बूस्टर बाहेरचा सिग्नल फक्त मोठा करतो आणि त्याबरोबर गोंगाटही. त्यामुळे आसपासच्या टॉवरचं काम बिघडतं आणि शेजाऱ्यांचे कॉल तुटतात. परवानगीशिवाय बूस्टर बसवणं भारतात बेकायदेशीर आहे.

घरात चांगलं ब्रॉडबँड असेल, तर 'वाय-फाय कॉलिंग' हा सोपा मार्ग आहे. एअरटेलने ही सेवा डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केली. बहुतेक स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये त्याचा पर्याय असतो.

खरा वाद: आत कोण बसवणार?

तंत्रज्ञान तयार आहे, पण इमारत कंपनीच्या मालकीची नसते. आतल्या जागेचं भाडं किती आणि एकाच कंपनीला परवानगी द्यायची की सगळ्यांना, यावर गाडी अडते.

मुंबईच्या भुयारी मेट्रो-३ वर हेच दिसलं. ३३.५ किलोमीटरचा हा पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला, तेव्हा अनेक प्रवाशांच्या फोनला भुयारात नेटवर्क नव्हतं. आतली यंत्रणा एका त्रयस्थ कंपनीने उभारावी आणि सगळ्या ऑपरेटरनी ती वापरावी, अशी मेट्रो प्रशासनाची व्यवस्था होती. स्वतःची यंत्रणा बसवू द्यावी, असं दूरसंचार कंपन्यांचं म्हणणं होतं. सामायिक यंत्रणेमुळे उपकरणांची गर्दी टळते. पण ती एकाच्याच हाती असेल, तर दर कोण ठरवणार हा प्रश्न उरतो. या भांडणात हाल झाले ते प्रवाशांचे.

नियम काय सांगतात?

ऑक्टोबर २०२४ मध्ये 'ट्राय'ने इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी स्टार रेटिंग देण्याचे नियम आणले. फायबर, मोबाईल नेटवर्क, आतली यंत्रणा आणि ब्रॉडबँडचा वेग यांवर ते ठरतं. पाणी आणि विजेसारखंच नेटवर्कचं नियोजनही नकाशा काढतानाच व्हावं, हा त्यामागचा विचार आहे. नंतर भिंती फोडून वायरी टाकणं खर्चिक असतं.

फ्लॅट बघताना पार्किंग आणि पाण्याची चौकशी सगळेच करतात. आता बिल्डरला आणखी एक प्रश्न विचारायला हवा: आतल्या नेटवर्कची सोय काय आहे आणि ती सगळ्या कंपन्यांना खुली आहे का? उत्तर मिळेपर्यंत फोन हातात घ्या आणि बेडरूममध्ये, लिफ्टमध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये एकेक कॉल लावून बघा.