देवाला चिकटणं म्हणजे शांत वाटणं नव्हे

ज्यू अध्यात्म म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना सेलिब्रिटींच्या मनगटावरचा लाल दोरा आठवतो. त्याच परंपरेत देवाशी जवळीक साधण्याला ‘दवेकुत’ म्हणतात. हा शब्दही आता ‘इनर पीस’च्या पाकिटात घालून विकायला निघालाय. डोळे मिटा, श्वास घ्या, देव जवळ आला! मला हे साफ नामंजूर आहे.

शब्दच बघा ना. त्याचा धातू ‘चिकटणे’ या अर्थाचा. आजच्या हिब्रूत गोंदाला ‘देवेक’ म्हणतात, तेही त्यावरूनच. दहा मिनिटांचं सेशन संपल्यावर जे सुटतं ते चिकटणं नव्हे, ते लॉगिन.

तोराच्या पाचव्या पुस्तकात देवामागे चालायची, त्याला चिकटून राहायची आज्ञा आहे. तेच पुस्तक देवाला भस्म करणारा अग्नीही म्हणतं. तालमूदमधल्या रब्बींना प्रश्न पडला, की आगीच्या मागे चालायचं कसं, तिला चिकटायचं कसं? ‘सोता’ या प्रकरणातलं उत्तर ध्यानाचं नाहीच. देव जे करतो ते तुम्ही करा. उघड्याला कपडे द्या, आजाऱ्याला भेटा, शोकात असलेल्याला धीर द्या, मृताचं दफन करा.

मैमोनिदीस बाराव्या शतकातला तत्त्वज्ञ आणि वैद्य. त्याच्या मते देवाजवळ नेणारी वाट बुद्धीची. पण त्याचाही मोठा ग्रंथ शेवटी दया, न्याय आणि सदाचारापाशीच येऊन थांबतो.

कुणी म्हणेल, हसिदी पंथाचं काय? तिथे तर आनंद आहे, गाणं आहे, नाच आहे. आहेच. पण अठराव्या शतकात बाल शेम तोव्हच्या परंपरेने दवेकुत जेवणात, धंद्यात, रोजच्या बोलण्यात आणली. म्हणजे जबाबदारी कमी नाही झाली, चोवीस तासांची झाली. १७७२ मध्ये विल्नात हसिदींवर बहिष्कार पडला. त्यांच्या विरोधी गटातल्या वोलोझिनच्या रब्बी हाइमने तोराचा अभ्यास हीच दवेकुत मानली. दोन्ही गट कडाकडा भांडले, पण ‘मला बरं वाटावं म्हणून देव’ असं दोघांपैकी कुणी म्हटलं नाही.

हे मी, एका सॉफ्टवेअरवाल्याने, का सांगावं? कारण आमच्या क्षेत्रात बारा-बारा तास राबवून घेतात आणि वर ध्यानाच्या ॲपची वर्गणी फुकट देतात. शांत झालेला माणूस तक्रार करत नाही, आणि शेजारच्या खुर्चीतला का येईनासा झाला हेही विचारत नाही. असली शांतता मालकाच्या सोयीची असते, तिला देवाचं नाव कशाला?

रब्बींची कसोटी सोपी आहे, म्हणूनच ती टोचते. आज किती शांत वाटलं ते सोडा. आजारी माणसाला भेटायला गेलात का?