यिगच्या गोळीची उपेक्षा

सूक्ष्मतरंगांची उपकरणे हाताळणाऱ्या आमच्या वाचकांना स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर नित्याच्या परिचयाचा असतो. परंतु त्याच्या प्रवेशमार्गावर पुष्कळदा यिट्रियम आयर्न गार्नेटची, म्हणजे व्यवहारातील ‘यिग’ची, मिलिमीटरहूनही लहान गुळगुळीत गोळी नको असलेले संदेश अडवीत असते, याची दखल उपकरण बिघडेपर्यंत सहसा घेतली जात नाही. ही उपेक्षा आम्हांस खटकते.

गोळीभोवती तारेचे दोन वेढे परस्परांशी काटकोनात बसविलेले असल्यामुळे एकातील संदेश दुसऱ्यात उतरत नाही. मात्र बाह्य चुंबकीय क्षेत्र असे साधले की गोळीतील चुंबकत्वाच्या परांचनाची वारंवारता संदेशाच्या वारंवारतेशी तंतोतंत जुळावी, तर ते चुंबकत्व भोवऱ्याप्रमाणे डोलू लागते आणि दुसऱ्या वेढ्यात तोच संदेश उत्पन्न करते. दर ओरस्टेडमागे सुमारे २.८ मेगाहर्ट्झ, हा या अनुनादाचा हिशेब. आकार गोलच का, याचे उत्तर किटेल यांच्या १९४८ सालच्या समीकरणात सापडते: गोलात विचुंबकनाचा परिणाम तिन्ही दिशांना समान असल्याने तो वारंवारतेच्या सूत्रातून नाहीसाच होतो.

व्यवहारातील अडचणी मात्र चुंबकाच्या लोखंडी गाभ्यापासून सुरू होतात. तोच विद्युत्प्रवाह चढत्या क्रमाने आणि उतरत्या क्रमाने दिला असता वारंवारता निरनिराळी भरते. यास्तव मोजमाप नेहमी एकाच बाजूने करण्याचा शिरस्ता पाळणे अगत्याचे आहे. संदेश बलवान झाला की गोळीत स्पिन-तरंग माजतात व निर्गम वाढेनासा होतो. त्याची मीमांसा सूल यांनी १९५७ साली केली. असा फिल्टर सदोष ठरवून परत पाठविण्यापूर्वी प्रवेशशक्ती कमी करून पाहावी.

विवर्धनातही चुंबकीय अनुनादाचे कर्तृत्व लहान नाही. ब्लोम्बर्गन यांनी १९५६ साली त्रिस्तरीय घन मेसरची योजना मांडली, आणि पुढे होल्मडेल येथे पेन्झिआस व विल्सन यांनी द्रव हेलियमने थंड केलेला माणकाचा मेसर ४०८० मेगाहर्ट्झवर वापरला. विवर्धकाचा स्वतःचा गोंगाट इतका अल्प व इतका नेमका ज्ञात होता, की सुमारे साडेतीन केल्विनचा अतिरिक्त गोंगाट त्याच्या माथी मारता आला नाही, आणि विश्वाच्या पार्श्वप्रारणाचा शोध लागला. कक्षतापमानावर, प्रथम २०१२ साली पेंटासीनयुक्त स्फटिकात स्पंदरूपाने आणि २०१८ साली हिऱ्यात अखंडपणे, मेसर चालविण्यात आल्यापासून हा विषय पुन्हा जिवंत झाला आहे.

प्रशिक्षणवर्गांच्या चालकांना आमची विनंती आहे, की निकामी झालेला एखादा यिग फिल्टर उघडून त्यातील गोळी व वेढे विद्यार्थ्यांना भिंगाखाली दाखवावेत. आणि वाचकांनी आपल्या फिल्टरांच्या चढत्या-उतरत्या नोंदी उपकरणाच्या तापमानासह आमच्याकडे पाठवाव्यात, त्यांना या मासिकात जागा राखून ठेवलेली आहे.