‘उंदीरच तर आहे!’

आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलाला वाढदिवसाला पांढरा उंदीर मिळाला. एकच, बुटाच्या खोक्याएवढ्या पिंजऱ्यात. आठवडाभर कौतुक झालं, मग पिंजरा बाल्कनीत गेला. मी बोललो तर मुलाचे वडील हसले, "उंदीरच तर आहे, भाईजान!"

या ‘उंदीरच तर आहे’शी माझं भांडण आहे.

प्रयोगशाळेत असतो तोच हा मोठा पांढरा उंदीर. मूळ जात गटारातल्या तपकिरी उंदराचीच, पण याच्या कितीतरी पिढ्या माणसाच्या हातात वाढल्या. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये उंदीर पकडून पोट भरणारा जॅक ब्लॅक वेगळ्या रंगाचे उंदीर मारायचा नाही, पाळून विकायचा. तेव्हापासून हा शौक चालत आलाय.

हा प्राणी कळपात राहणारा. २०११ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग ‘सायन्स’मध्ये छापून आला. नळीत कोंडलेल्या सोबत्याला बाहेरचा उंदीर दार उघडून सोडवायचा. शेजारी चॉकलेट ठेवलं तरी सोडवायचा, आणि बहुतेक वेळा चॉकलेटमधला वाटाही त्याच्यासाठी ठेवायचा. अशा जिवाला आपण जन्मभर एकटं कोंडतो आणि त्याला लाड म्हणतो!

काहीजण मला ऐकवतात, ‘उंदीर उपद्रवी, त्याला मारायची तर मुभा आहे.’ असेल. मुभा मारण्याची आहे, हाल करण्याची नाही. धान्य नासवणाऱ्या उंदराचा बंदोबस्त जरूर करा. पण मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या, तिला ना खायला देणाऱ्या ना मोकळं सोडणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतोच ना? मग पैसे मोजून आणलेला जीव ही अमानत नाही का?

पाळायचाच असेल तर नीट पाळा. निदान दोन आणा, दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या. नाहीतर तीन-चार आठवड्यांत घरात डझनभर पिल्लं होतील. पिंजरा मोठा, हवेशीर हवा, उन्हात नको. दात आयुष्यभर वाढतात, म्हणून कुरतडायला लाकूड द्या. रोज थोडा वेळ बाहेर खेळू द्या. हाताळल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावा. त्याचं आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षांचं. तेवढंही जमणार नसेल, तर मुलाला चेंडू आणून द्या. चेंडू बाल्कनीत पडून राहिला तरी त्याला काही होत नाही.