‘चला, असंच निघू’ म्हणणाऱ्यांना



डिसेंबर लागला की घराघरांत एक वाक्य ऐकू येतं. “चला, उद्या मुंबईला जाऊन येऊ. असंच!” नाताळच्या सुट्ट्या असतात, मोबाईलवर कुणीतरी गेटवेसमोर मुलांना खांद्यावर घेतलेला व्हिडिओ टाकलेला असतो, आणि रात्री दहाला ठरतं की पहाटे चारला निघायचं. ठरवणारा हात झटकून झोपतो. घरातली बाई मात्र त्या सहा तासांत दूध तापवते, दशम्या लाटते, मुलांचे कपडे शोधते, पाणी गाळून उकळून बाटल्यांत भरते, दोन औषधं पिशवीत टाकते. पहाटे सगळ्यांना उठवतेही तीच. आणि मग फोटोखाली लिहिलं जातं, ‘काही ठरवलं नव्हतं, असंच निघालो.’

माझा या ‘असंच’ला विरोध आहे. प्रवासाला नाही, शहराला नाही, मुलांच्या हौसेला तर मुळीच नाही. पाच वर्षांच्या आतलं मूल कडेवर असताना, थंडीच्या दिवसांत, एका रात्रीत ठरवून मोठ्या शहरात जाणं हा मोकळेपणा नव्हे. एकाच्या लहरीची किंमत दुसऱ्या दोघांनी, म्हणजे आईने आणि लेकराने, मोजायची असा हा व्यवहार आहे.

आपल्या गावाकडून सुरुवात करू. राणीसावरगावहून रेल्वे गाठायची तर गंगाखेड किंवा परभणी. पहाटे एसटी नसते म्हणून मोटारसायकल काढतात. पुढे एक मूल, मध्ये एक, मागे आई. परभणीची थंडी काय असते हे आपल्याला कुणी सांगायला नको. डिसेंबर २०१८ च्या शेवटी परभणीचा पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरला होता. लहान मुलाचं वजन कमी आणि त्या मानाने अंगाची कातडी जास्त, त्यामुळे त्याच्या अंगातली ऊब मोठ्या माणसापेक्षा लवकर जाते. त्यात धावत्या गाडीचा वारा. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाला बांधून ठेवणारा पट्टा हवा, वेग ताशी चाळीसच्या वर नको, असा केंद्राचा नियम २०२२ सालीच निघाला आहे. असा पट्टा तुम्ही गावात कुणाच्या गाडीवर पाहिलात?

मग रेल्वे. पाच वर्षांच्या आतलं मूल फुकट, पण त्याला बर्थ नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट काढलं तर त्यालाही बर्थ नाही, बर्थ हवा तर पूर्ण भाडं. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे नाताळच्या गाड्या ऑक्टोबरातच भरतात. तत्काळ निघतं आदल्या दिवशी, एसीचं सकाळी दहाला आणि स्लीपरचं अकराला. रात्री दहाला ठरवणाऱ्याला तेही मिळत नाही. ऑनलाइन काढलेलं तिकीट वेटिंगवरच राहिलं तर आरक्षित डब्यात चढता येत नाही. उरतो जनरल डबा. देवगिरी असो की पनवेल गाडी, सुट्टीतल्या जनरल डब्यात आई मुलाला घेऊन कुठे बसते? दारापाशी, संडासाशेजारी.

शहरात पोचल्यावर काय? राणीची बाग बुधवारी बंद. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. मुंबई नको, संभाजीनगर म्हणाल, तर वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी. ‘असंच’ निघालेल्यांपैकी किती जण वार बघून निघतात? हिवाळ्यात मुंबईची हवाही जड असते. वारा मंदावतो, बांधकामाची धूळ आणि धूर खालीच साचून राहतो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली हवा इतकी बिघडली की महापालिकेने तिथली बांधकामं थांबवली. राणीची बाग भायखळ्यातच आहे. मूल मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतं, म्हणजे तीच हवा त्याच्या छातीत जास्त जाते.

आणि जेवण. आपल्या घरांत सूर्य मावळायच्या आत जेवायचं असतं. डिसेंबरात परभणीला पावणेसहाच्या सुमारास सूर्य जातो, मुंबईत सहाच्या थोडं पुढे. साडेपाचला आपण लोकलच्या गर्दीत किंवा रिक्षाच्या रांगेत असतो. मोठी माणसं उपाशी राहतील. पण चार वर्षांचं पोर भुकेने रडलं की कुणी त्याच्या हातात रस्त्यावरचं काहीही देतं आणि रात्री त्याचं पोट बिघडतं. मग ऐकावं लागतं, “तुमच्या नियमांमुळेच हाल झाले!” नियमामुळे हाल झाले नाहीत. घरून दशमी, लाह्या, भाजके शेंगदाणे बांधून घ्यायला आणि पाचला कुठे बसायचं हे ठरवायला वेळच दिला नाही, म्हणून झाले.

गेल्या हिवाळ्यात नात्यातल्या एका घरी हेच घडलं. दोन लेकरं, थोरलं चार वर्षांचं, धाकटं सव्वा वर्षाचं. रात्री ठरलं, पहाटे निघाले. शहरात लॉज भरलेले, खोली मिळाली रात्री अकराला, खिडकीची काच फुटलेली. दुसऱ्या दिवशी धाकट्याला ताप आला, श्वास भरभर चालू झाला, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. न्यूमोनिया निघाला. परक्या शहरात चार रात्री दवाखान्यात. मूल बरं झालं, देवाची कृपा. पण नंतर घरी बसलेल्या एकूण एक माणसाने त्या सुनेलाच विचारलं, “गरम कपडे कसे घेतले नाहीस?” “पहाटे चारला निघायचं कुणी ठरवलं?” हे विचारायला एकही तोंड उघडलं नाही. माझा राग तिथे आहे.

घारापुरीच्या बोटीचंही आठवा. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची वेगवान बोट येऊन धडकली. पंधरा जीव गेले, त्यांत लहान मुलंही होती. चूक त्या कुटुंबांची नव्हती, हे ठासून सांगायला हवं. धडक दुसऱ्याने दिली. चौऱ्याऐंशी प्रवाशांची परवानगी असलेल्या बोटीत शंभराच्या वर माणसं घेतली, अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. त्या कुटुंबांना दोष देणारा माणूस मला माणूसच वाटत नाही. पण त्यांच्या मरणातून आपण एवढं तरी शिकावं की बोटीत पाय ठेवण्याआधी लेकराच्या मापाचं जॅकेट मागायचं, नसेल तर चढायचं नाही. हे मागायला थांबावं लागतं. वेळ हातात नसलेला, आधीच उशीर झालेला माणूस थांबत नाही. तो म्हणतो, चढा चढा, सुटेल.

आता विरोधी म्हणणं. “सगळं ठरवून केलं तर मजा काय राहिली?” लातूर-अहमदपूरकडची वेळ अमावास्या बघा. ऐन थंडीत तान्ह्या बाळासकट घरंच्या घरं शेतात जातात, दिवसभर राहतात. आंबील आदल्या दिवशी होते, भज्जीची तयारी आधीपासून चालते, कोण गाडीत आणि कोण पायी हेसुद्धा ठरलेलं असतं. मजा गेली असं कुणी म्हणालेलं ऐकलं नाही.

दुसरं म्हणणं, “आमच्या वेळी कुठे होतं एवढं? आम्ही वाढलोच ना!” वाढले ते सांगायला उरले. जे उरले नाहीत ते कसे सांगतील? आपल्या आजींना विचारा, प्रत्येक घरात एखादं नाव हळू आवाजात घेतलं जातं.

आपल्याकडे श्रावकाच्या गुणव्रतांत देशव्रत आहे, आज किती लांब जायचं याची मर्यादा आधी आखून घेणं. अनर्थदंडात प्रमादचर्या सांगितली आहे, म्हणजे कारण नसताना, भान न ठेवता केलेली हालचाल. पर्युषणात आपण हे ऐकतो आणि माना डोलावतो. ते हिंडणं अडवायला सांगितलेलं नाही, निघण्याआधी भान ठेवायला सांगितलं आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच. जो ‘चला’ म्हणेल त्याने पिशवी भरायची. दोन्ही वेळची तिकिटं हातात, खोली ठरलेली, वार बघितलेला, मुलाचं टोपरं-मोजे, ओआरएसची पाकिटं आणि तापाचं औषध त्याने स्वतः मोजून ठेवलेलं. आणि मूल शिंकत असेल तर ऐन निघण्याच्या वेळीही बेत मोडायचा, तिकिटाचे पैसे गेले तरी. सासूबाई, जाऊबाई, नणंदबाई, तुम्हालाही सांगते: सून “या वेळी नको” म्हणाली तर तिला हौस नाही असं म्हणू नका. त्या घरात मुलाकडे बघून बोलणारी तीच एक असते.